गावी नेलेली माणसं

उबाळे मॅडम कुणाच्या घरी रिकाम्या हातानं गेल्याचं मला आठवत नाही. खांद्याला खाकी रंगाची कापडी पिशवी आणि पिशवीत राजगिऱ्याच्या वड्यांची पाकिटं. ज्याच्याकडं जायचं त्याला मधुमेह असेल तर वड्यांऐवजी फुटाणे, दात नसतील तर केळी. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटायचं, की या बाई जोडधंदा म्हणून वड्या विकतात. एका नव्या मुलीनं तर भावही विचारला होता. मॅडमनी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी म्हातारं माणूस असेल त्याला दे. आणि ते कुठल्या गोळ्या घेतात ते उद्या येऊन मला सांग."

माझी मुलाखतही त्यांनी अशीच घेतली होती. मी प्रोग्रामिंगची तयारी करून, नवा शर्ट घालून गेलो होतो. माझ्या कागदांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "राहायला कुठं?" विचारलं. पिंपळे सौदागर म्हटल्यावर, "मूळचे?" मी हो म्हणालो. "म्हणजे जमिनी विकलेले पाटील. बरं, घरी म्हातारं कोण?"

"आई आहे. चुलते आहेत."

"गोळ्या कुठल्या घेतात?"

मला काय माहीत. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग विचारून या, पाटील. नोकरीचं नंतर बघू." आम्ही पाटील नव्हतो आणि नाही. पण तेव्हापासून त्या मला पाटीलच म्हणत राहिल्या, आणि नोकरी लागली म्हणून मीही कधी दुरुस्ती केली नाही.

आमचं ऑफिस भोसरीच्या एमआयडीसीत, एका प्रेस शॉपच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली पत्रा कापणारी यंत्रं सुरू झाली की वर टेबलावरचे चहाचे कप सरकायचे. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता, माणसांना पंखे होते. मे महिन्यात मॅडम काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या आणि साहेब दिसले की एखादी वायर हलवून बघायच्या.

काम असं होतं. नवीन औषध शोधायचं म्हणजे माणसाची उमेद संपते आणि पैसा पाण्यासारखा जातो. त्यापेक्षा जी औषधं आधीच दुकानात आहेत, वर्षानुवर्षं लोकांच्या पोटात जाऊन सुखरूप ठरली आहेत, त्यांतलं एखादं दुसऱ्याच आजाराला चालतंय का, हे कॉम्प्युटरवर ताडून बघायचं. आमचा आजार स्मृतिभ्रंश. म्हातारपणी माणसाची आठवण, मग भान, मग माणूसच हळूहळू विरत जातो तो. त्या आजारात मेंदूत काय काय बिनसतं याची माहिती एका बाजूला, आणि हजारो जुन्या औषधांचे रेणू कुठं जाऊन चिकटतात याची दुसऱ्या बाजूला. आमचा प्रोग्राम जोड्या लावायचा आणि गुण द्यायचा.

मॅडम याला वधूवर सूचक मंडळ म्हणायच्या. "फक्त आपली स्थळं सगळी बिजवर आहेत," असं वर सांगायच्या. जास्त गुण आलेलं औषध म्हणजे पत्रिका जुळलेलं स्थळ. पत्रिकेनंतर चौकशी. चौकशीसाठी आमच्याकडं या सगळ्या पट्ट्यातल्या दवाखान्यांच्या जुन्या नोंदी होत्या, नावं काढून टाकलेल्या. ते औषध वर्षानुवर्षं घेणारी माणसं म्हातारपणी विसरायला लागली का, हे त्यात बघायचं. जगभर असंच काम चालतं. पण मॅडमची तिसरी पायरी जगात कुठं नव्हती. चौकशी झाली की त्या बघायला जायच्या. ते औषध दुसऱ्या कुठल्या आजारासाठी कुणी घेत असेल, तर रविवारी पिशवी घेऊन त्याच्या घरी. तिथं बसायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या. त्यातून शास्त्रीय असं काही सिद्ध होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "हे विज्ञान नाही हो. पण न बघता लग्न लावायचं माझ्या जिवावर येतं."

स्वतः लग्न न केलेल्या बाईनं हे असं बोलावं याची ऑफिसात मागं चेष्टा व्हायची. पुढं कुणी करत नसे.

समोरच्या म्हाताऱ्याला त्या आजची तारीख, पंतप्रधानांचं नाव असलं काही विचारायच्या नाहीत. "परीक्षा घेतली की माणूस घाबरतो आणि घाबरला की विसरतो," असं त्यांचं मत. त्या विचारायच्या, "काल कालवण काय केलं होतं?" मग परवाचं. मग कुणाला तिखट लागलं, कुणी पानात टाकलं. कालवणावरून अख्खं घर बोलायला लागायचं आणि मॅडम ऐकत बसायच्या. मला वाटतं, चौकशी हे निमित्तच होतं. आठवड्यात त्यांच्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

आमच्याकडं त्या आल्या तेव्हा चुलते सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. जिथं आता गाड्या लागतात तिथं आमचा कांदा असायचा. अण्णांच्या लेखी तो अजून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते विचारतात, "पानी सोडलं का रं?" आणि वॉचमनपासून दुसऱ्या मजल्यावरच्या बंगाली बाईंपर्यंत सगळे सांगतात, "सोडलं, अण्णा." मॅडम शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसल्या. वडी पुढं केली. कालवण विचारलं.

"मेथी," अण्णा म्हणाले.

"आणि परवा?"

"मेथीच की."

आई मागं उभी होती. "न्हाई ओ बाई, काल अंडी हुती. त्यांनीच दोन खाल्ली. डॉक्टर म्हनत्यात, हा त्यो इसरायचा आजार हाय. महागाच्या पांढऱ्या गोळ्या हायेत बीपीच्या, त्या मातुर रोज देतो आमी." मग आईनं तिची चौकशी सुरू केली. "तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"मी आहे."

"आन?"

"टीव्ही आहे," मॅडम म्हणाल्या.

आई हसली. मॅडमही हसल्या. मग मी त्यांना गाडीनं घरी सोडायला निघालो. पिंपळे गुरवला त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी थांबवली तेव्हा वरच्या खिडकीतून मालिकेतलं भांडण ऐकू येत होतं. "बघा, घरी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. टीव्ही सुरू ठेवूनच त्या बाहेर पडत. मालिका त्या स्वतः बघत नसत. घरात कुणी भांडत असलं की बरं वाटतं, एवढंच त्याचं कारण.

त्या मालिका बघायची ती विमल. विमलबद्दल त्यांनी मला एकदाच नीट सांगितलं, आणि तेही प्रोग्राम चालू असताना, स्क्रीनकडं बघत. दोघी नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात भेटल्या आणि पुढं सगळं आयुष्य एका घरात राहिल्या. विमल चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअरला होती, मूळची अंबाजोगाईच्या पुढची. घरात बोलायचं काम तिचं, ऐकायचं मॅडमचं. कुणी काय नेसलं होतं, कोण कुणाला काय म्हणालं, मालिकेत पुढं काय होणार, सगळं विमल सांगायची. संध्याकाळी मॅडम येईपर्यंत चहाला थांबायची आणि आल्या आल्या पिशवीत हात घालून बघायची. कामावरून येताना मॅडम रोज काहीतरी आणत, पेरू, शेंगा, कधी नुसती कोथिंबीर. त्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही असा विमलचा दंडक होता.

मग विमल आमटीत दोनदा मीठ घालायला लागली. रिटायर झाल्यावरही सकाळी डबा घेऊन कंपनीच्या गेटवर उभी राहायला लागली. एकदा गॅस चालू ठेवून निघून गेली. मॅडम दिवसभर ऑफिसात. शेवटी पुतण्या आला आणि तिला गावी घेऊन गेला. "बॅग मीच भरली," मॅडम म्हणाल्या. "स्वेटर घातला आत. तिकडं उन्हाळा होता हो. मला दुसरं काय घालावं सुचलंच नाही."

सुरुवातीला त्या रोज फोन करत आणि न बघितलेल्या मालिकेची गोष्ट इकडून तिकडून विचारून विमलला सांगत. एके दिवशी विमलनं विचारलं, "कोण बोलतंय?"

"अगं, शालू बोलतेय."

"शालू कामावर गेलीय," विमल म्हणाली. "संध्याकाळी येईल. तेव्हा करा फोन."

त्यानंतर मॅडमनी फोन केला नाही. भेटायलाही गेल्या नाहीत. मला ते चमत्कारिक वाटलं, आणि मी तोंडाचा फटकळ असल्यामुळं म्हणूनही टाकलं, की जाऊन या की एकदा. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. "ती म्हणते ते खरंच आहे, पाटील. मी कामावरच गेलेय. काम झालं की जाईन. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

तेव्हा मला कळलं, की या बाईला औषध नेमकं कुणासाठी हवं आहे. विमलचं गेलेलं परत येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण उरलेलं टिकवून धरेल असं काहीतरी पिशवीत घालून त्या जाणार होत्या.

आणि मग पिवळी सापडली.

पिवळी हे आमचं घरगुती नाव. रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त, पिवळ्या रंगाची गोळी. नव्या डॉक्टरांनी ती कधीच बाजूला टाकलेली, पण कंपन्यांच्या दवाखान्यांत अजून सर्रास मिळायची. आमच्या प्रोग्रामनं तिला इतके गुण दिले, की आधी आम्हाला प्रोग्रामच बिघडला असं वाटलं. पुन्हा चालवला, पुन्हा पिवळीच वर. मग नोंदी बघितल्या. बीपीच्या इतर गोळ्या घेणाऱ्यांपैकी किती तरी जण म्हातारपणी विसरायला लागले होते, पिवळी घेणाऱ्यांत जवळजवळ कुणीच नाही. पत्रिका जुळली होती, चौकशीही चांगली निघाली होती. साहेबांनी सगळ्यांना मिसळ खिलवली. एका बड्या औषध कंपनीची माणसं यायचं ठरलं. त्यांनी मान्य केलं असतं तर पुढच्या चाचण्यांचा, म्हणजे खऱ्या पेशंटना गोळी देऊन बघण्याचा, सगळा खर्च ते उचलणार होते.

मॅडमनी मिसळ खाल्ली नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी विमलसाठी सोलापुरी चादर घेतली आणि मला दाखवली. चाचणीत विमलचं नाव घालता येईल का, असंही विचारलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, त्यांच्या आवाजात लगबग मी तेवढीच एकदा ऐकली. "आता एकदा बघून येऊ," त्या म्हणाल्या, "आणि मग जाते."

बघायला आम्ही गेलो दिघीला, शिंदेकाकांकडं. काका एका मोठ्या कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, मूळचे बीडकडचे. लष्कराच्या भिंतीजवळच्या गल्लीत दीड खोली. मुलगा आणि सून दोघं चाकणला शिफ्टमध्ये. काका वर्षानुवर्षं पिवळी घेत होते आणि डोकं असं लख्ख, की मॅडमनी कालवण विचारल्यावर त्यांनी कालचं, परवाचं आणि दोन्ही दिवशी ते का बिघडलं हेही सांगितलं. काकू आतून म्हणाल्या, "बिघडलं म्हनं. ताट चाटून पुसून ठेवलं होतं." मॅडम इतक्या खुशीत होत्या, की त्यांनी वड्यांची सगळी पाकिटं तिथंच काढून ठेवली.

"आमच्या लाइनवरचे समदे हीच गोळी घ्यायचे," काका अभिमानानं म्हणाले. "कंपनीच्या दवाखान्यात फुकट होती."

"हो का? मग ते सगळे आता कसे आहेत?"

"हायेत की. गावाकडं गेले."

"रिटायर झाल्यावर?"

"रिटायर झाल्यावर कशाला?" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तवा हितंच होते की समदे. पोरांच्या नोकऱ्या हितं, नातवंडं हितं. डोस्कं कामातून गेल्यावर नेलं त्येन्ला. ते कदमबापू बघा. भाजी आणाया गेले अन् सापडले आळंदीला. मग पोरांनी गावाकडं नेऊन ठिवलं. हितं दीड खोलीत कोण सांभाळावं, मॅडम? पोरगं शिफ्टला, सून शिफ्टला. गावाकडं वाट चुकली तर कुणीबी हाताला धरून घरी आणून सोडतंय."

"डॉक्टरांना नाही दाखवलं?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"त्याला डॉक्टर काय करील? म्हातारपण हाय ते. एकट्या कदमबापूचं न्हाई ओ, समद्यांचंच तसं. ज्याचं डोस्कं शाबूत त्यो हितं ऱ्हायला. बाकीचे गेले गावाकडं."

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मॅडमच्या हातात अर्धी वडी होती, ती त्यांनी परत पाकिटात ठेवली. चहा आला, त्यांनी तो घेतला, काकूंच्या पाठीवर हात ठेवून निरोप घेतला, सगळं रीतसर केलं. बाहेर आल्यावर लष्कराच्या भिंतीपाशी त्या थांबल्या.

"पाटील, हे कदमबापू आपल्या नोंदीत कसे असतील?"

मला अजून काही कळलं नव्हतं. "दवाखान्यात यायचे बंद झाले असतील तर, शेवटच्या भेटीपर्यंत बरे."

"आणि तुमचे अण्णा?"

"स्मृतिभ्रंश. डॉक्टरांनीच लिहिलंय."

"अण्णांची गोळी कुठली?"

"महागाची. पांढरी." आणि हे म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला.

इथल्या मूळच्या घरांना पैसा होता, ती मोठ्या डॉक्टरांकडं जायची, पांढरी गोळी घ्यायची. त्यांचे म्हातारे विसरायला लागले तरी जाणार कुठं? आमचं गाव हेच. आमचे म्हातारे इथंच विसरत होते, म्हणून नोंदीत येत होते. कारखान्यातली बाहेरगावची माणसं दवाखान्यातली फुकटची पिवळी घ्यायची, आणि विसरायला लागली की त्यांना गावी नेलं जायचं. नोंदीत ती कायमची बरी राहायची. पिवळीनं कुणालाच वाचवलं नव्हतं. ती घेणारे दृष्टीआड होत होते, एवढंच.

मला इथून परत जायला दुसरं गावच नाही, म्हणून ते माझ्या लक्षात येणं शक्य नव्हतं. तसं मी त्यांना म्हणालोही.

"तुमचं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "विमलची बॅग मी भरली होती. तीही कंपनीच्याच दवाखान्यात जायची. विमल याच नोंदीत आहे, पाटील. बरी म्हणून."

त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मी त्यांना रडताना बघितलं नाही. पण त्यांच्याइतकं एकटं माणूस मी त्या रस्त्यावर दुसरं कुणी बघितलं नाही, आणि तो रस्ता रविवारचा, माणसांनी भरलेला होता. पाणीपुरीची गाडी होती, शाळेच्या मैदानावर क्रिकेट चाललं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आज टीव्ही सुरू ठेवायला विसरले वाटतं," आणि गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर. साहेब माणूस वाईट नाही, पण बडी कंपनी उंबऱ्यावर आलेली. ते म्हणाले, "मॅडम, मीटिंग होऊ द्या, मग बघू ना. एका काकूंच्या गप्पांवरून इतक्या वर्षांचं काम मोडायचं का?"

"गप्पांवरून नको. फोन करून विचारू," मॅडम म्हणाल्या. "जे यायचे बंद झाले, ते कुठं आहेत ते दवाखान्यांनी विचारावं. मी थांबते."

दवाखान्यांतल्या बायकांनी जमेल तसे फोन केले. उत्तरं यायला लागली. गावी आहेत. गावी असतात आता. बोलतात, पण ओळखत नाहीत. गेले की ते, मागच्या वर्षी, शेवटी शेवटी काही कळत नव्हतं. मी ती उत्तरं प्रोग्रामात भरत गेलो आणि पिवळी एकेक पायरी खाली येत गेली, ती शेवटी बाकीच्या गोळ्यांत येऊन मिसळली. तिच्यात आणि पांढरीत काही फरक उरला नाही. मॅडम माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. खालचं प्रेस शॉप जेवायला बंद झालं होतं, त्यामुळं सगळं फार शांत होतं.

"स्थळ मोडलं," त्या म्हणाल्या. "मोडलं ते बरं झालं. लग्नानंतर कळलं असतं तर केवढी माणसं फसली असती."

बड्या कंपनीची माणसं आली तेव्हा पहिलं बोलायला मॅडमच उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं, कदमबापू आणि अण्णांसकट, फक्त नावं न घेता. पाहुण्यांनी नम्रपणे ऐकलं, कौतुक केलं, चहा घेतला आणि गेले. पुढं काम बंद झालं. मॅडमचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. कुणी त्यांना वाकडा शब्द बोललं नाही. निरोपाला साहेबांनी शाल दिली, भाषणही बरं केलं. पण त्यांच्या टेबलाजवळून जाताना लोक चालायचा वेग वाढवायचे, ते मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत असणार.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "पाटील, रविवारी गाडी मोकळी आहे का? बघायला जायचंय."

मला वाटलं, नवीन गोळी सापडली. मी दहाच्या सुमाराला पिंपळे गुरवला पोचलो. त्या खाली उभ्या होत्या. खांद्याला पिशवी नव्हती. सोलापुरी चादरही नव्हती. वरच्या खिडकीतून कुठलाही आवाज येत नव्हता.

नगरच्या पुढं मी एका दुकानापाशी गाडी हळू केली, म्हटलं, वड्या घेऊ या का, निदान पेढे तरी. त्या म्हणाल्या, "नको. जे न्यायचं होतं ते नाही मिळालं. आता दुसरं काही नेलं तर ते मीच मला फसवल्यासारखं होईल. चला." मला ते पटलं नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी गाडी पुढं काढली.

गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. पुतण्याचं घर रस्त्यालगतच होतं, पुढं सिमेंटचा ओटा. ओट्यावर एक बारीक चणीची बाई पाय सोडून बसली होती, केस कुणीतरी नीट विंचरून दिलेले, अंगात त्या उकाड्यात बिनबाह्यांचा निळा स्वेटर. बाह्या उन्हाळ्यासाठी कापून टाकल्या असाव्यात. मॅडम गाडीतून उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी इंजिन बंद केलं.

"कुणाकडं आलाव?" त्या बाईनं विचारलं.

"तुझ्याकडं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही हात थोडे पुढं केले, एखाद्या मुलानं शाळेत दाखवावे तसे. "काही आणलं नाही गं मी. रिकाम्या हातानं आले."

विमलनं त्या हातांकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं. ओळखीचं काहीही तिच्या डोळ्यांत आलं नाही. पण तिनं सरकून ओट्यावर जागा केली आणि हातानं धूळ झटकली.

"असू द्या की. बसा," ती म्हणाली. "आमची शालू यायलीय आता कामावरून. ती आणील काहीतरी. रिकाम्या हातानं कधी येत न्हाई ती. भेटूनच जा तिला."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "थांबते."

पुतण्यानं मला चहाला आत बोलावलं. मी म्हणालो, परत निघायचंय, लांब जायचंय. मॅडम राहणार का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गाडी वळवताना मी त्यांना पाहिलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, विमल काहीतरी सांगत होती, मॅडम ऐकत होत्या, आणि शालू येताना दिसते का म्हणून दोघी रस्त्याकडं बघत होत्या.